तीन चोक अठ्ठेचाळीस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘आता कोड यंत्रच लिहिणार, मग मुलांच्या माथी कंपायलरसारखे जड विषय कशाला?’ असा सूर आपल्या वाचकांच्या पत्रांत अलीकडे दोनतीनदा निघाला. कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम. अभियांत्रिकी महाविद्यालयात हाच विषय मी बरीच वर्षे शिकवला. विषय जड नाही, तो जड करून शिकवला जातो, आणि त्यात माझाही हात होता, हे आधीच कबूल करते.

आमच्याकडे अर्ध्याहून अधिक सत्र पार्सिंगच्या, म्हणजे वाक्याची फोड करण्याच्या, तक्त्यांत जाई. एलएल, एलआर अशा त्याच्या पद्धती, रकाने भरा, गुण घ्या. प्रत्यक्ष मशीनसाठी कोड काढायचा धडा सगळ्यात शेवटी, तोवर सबमिशनची धावपळ सुरू झालेली. मुले कंपायलरमध्ये डिस्टिंक्शन घेऊन बाहेर पडत, पण दोन अधिक तीन एवढ्याचाही कोड त्यांच्या हातून कधी निघालेला नसे.

यंदा मे महिन्यात भावाची मुलगी माझ्याकडे महालात राहायला आली. तिसरे वर्ष नुकतेच संपलेले. दुपारी घराबाहेर पाय टाकायची सोय नाही, म्हणून कूलरपुढे बसून दोघींनी लिस्प या जुन्या संगणकभाषेच्या एका इवल्याशा बोलीचा कंपायलर करायला घेतला. लिस्पच का, तर कंसांमुळे. या भाषेत लिहिणाराच कंस घालून वाक्याची फोड करून देतो. त्यामुळे वाचणारा भाग पासष्ट ओळींत आटोपला, तक्ता एकही लागला नाही. शब्द आम्ही आपलेच ठेवले: ठरव, जर, कार्य (म्हणजे फंक्शन), मिळव, गुण. देवनागरी आकडेही चालतील असे केले. यंत्राच्या आज्ञा जुळवून देणाऱ्या असेम्ब्लरला मात्र नावांऐवजी नुसते क्रमांक दिले, तिथे हट्ट केला नाही.

पहिले वाक्य होते (मिळव २ ३). लिस्पमध्ये क्रियापद आधी येते. कंपायलर त्याचे काय करतो, तर दोन ठेव, तीन ठेव, मग मिळव. म्हणजे क्रियापद शेवटी, आपल्या मराठीसारखे! इतकी वर्षे फळ्यावर स्टॅक, म्हणजे किमती एकावर एक ठेवायची चळत, काढला, पण हे माझ्या लक्षात आले नव्हते.

बेरीज चालली. गुणाकाराचा तुकडा भाचीने मला न सांगता यंत्राकडून लिहून घेतला. (गुण ३ ४) चालवले आणि उत्तर आले ४८. “आत्या, हे काहून असं येऊन राहिलं?” आमच्या पिढीला तीन चोक बारा झोपेतही येते, पण हे अठ्ठेचाळीस कुठून आले ते मलाही चटकन सांगता आले नाही. कागद घेतला.

झाले होते ते असे. समोरची किंमत आकडा आहे की यादीतली जोडी, हे प्रोग्राम चालताना ओळखू यावे लागते. किंमत ६४ बिटांत, म्हणजे शून्य किंवा एक मावणाऱ्या ६४ घरांत, बसते. ओळखीच्या खुणेसाठी त्यांपैकी शेवटचे दोन बिट आम्ही राखून ठेवले होते. आकडा असेल तर ते दोन्ही शून्य. मागे दोन शून्ये लागली की द्विमान पद्धतीत आकडा चौपट होतो, म्हणून ३ चे १२ आणि ४ चे १६. बेरजेत हे खपून जाते: १२ आणि १६ मिळून २८, छापताना चारने भागले की ७. गुणाकारात १२ गुणिले १६ म्हणजे १९२, भागिले चार, ४८. चौपट दोनदा लागली होती. एका आकड्याचे ते दोन बिट आधी उतरवायचे, एवढी एक ओळ कमी होती. यंत्राने दिलेला गुणाकार साध्या आकड्यांसाठी बरोबरच होता. आमची खूण त्याला कोणी सांगितली नव्हती. पण ४८ बघून नेमके काय सांगायचे राहिले ते कळायला खुणेचा हिशेब आपल्या डोक्यात असावा लागतो. पत्रलेखकांना माझे म्हणणे आहे ते हेच.

पुढे क्रमगुणित (एकपासून त्या आकड्यापर्यंत सगळ्यांचा गुणाकार) १९ पर्यंत बरोबर आले आणि २० ला उत्तर उरलेल्या बिटांत न मावून ऋण झाले. ती त्या राखलेल्या दोन बिटांची किंमत. पूर्ण ६४ बिट वापरले तर हेच २१ ला बिघडते. मग दहा लाखांपासून उलटे मोजणारे कार्य लिहिले, तर प्रोग्राम कोसळलाच. असे कार्य स्वतःलाच पुन्हा पुन्हा हाक मारते. दर हाकेला परतीचा पत्ता आणि एक किंमत मिळून स्टॅकवर सोळा बाईट, दहा लाख हाकांना एक कोटी साठ लाख, आणि लिनक्स ही आमच्या संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम स्टॅकला सहसा आठ एमबी, म्हणजे सुमारे चौऱ्यांशी लाख बाईटच, देते. जो पुण्याहून परत यायचाच नाही त्याचे परतीचे तिकीट आपण काढत नाही. तसेच कार्याचे अगदी शेवटचे काम दुसरी हाक हेच असेल, तर तिला परतीचा पत्ता ठेवायचा नाही, थेट उडी मारायची. ही दुरुस्ती तिने माझ्या मदतीशिवाय केली. मी तेव्हा पन्ह्यासाठी कैऱ्या उकडत होते.

हे काही नवे खूळ नाही. संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांनी अमेरिकेतल्या एमआयटीत १९५८ मध्ये लिस्प सुरू केली, आणि १९६२ मध्ये टिम हार्ट आणि माइक लेव्हिन यांनी लिस्पचा कंपायलर लिस्पमध्येच लिहून त्याच्याकडून त्यालाच कंपाइल करून घेतले. आज मोबाईलमधला एक फोटोही मावणार नाही एवढी मेमरी तेव्हाच्या यंत्रांना असे.

अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांकडे मागणे एवढेच: पार्सिंग दोन आठवड्यांत उरका. प्रॅक्टिकलच्या पहिल्या तासाला नुसता एक आकडा छापणारा कोड निघू द्या, दुसऱ्या तासाला बेरीज, मग जर, मग कार्य. दर तासाला काहीतरी चालले पाहिजे आणि काहीतरी बिघडले पाहिजे. फाईल टंकलेखित हवी की हस्तलिखित, हा वाद मग घाला.

आमच्या कंपायलरमध्ये वापरून झालेली मेमरी परत मिळवायची सोय अजून नाही. ती संपली की प्रोग्राम मुकाट बंद पडतो. भाची पोळ्याला येते आहे. दुसऱ्या दिवशी ‘घेऊन जा गे मारबत’ ऐकून घरी आलो की कचरा काढायचे ते काम हाती घेऊ.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका,
महाल, नागपूर