दादर टीटीतला पहिला टी : सांस्कृतिक कार्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. सांस्कृतिक कार्यमंत्री साहेब,

नमस्कार. हे निवेदन नाही हं, निवेदनं देऊन झाली, घरात पोचपावत्यांची एक फाईल झालीय.

दादर टीटीवरून तुमची गाडी शंभरदा गेली असेल. टॅक्सीवाले, बस कंडक्टर, शाळेतली पोरं सगळेच टीटी टीटी करतात, पण टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस हे दहातल्या दोघांना माहीत असलं तर खूप. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून शेवटची ट्राम दादरला आली आणि संपलं, नाव तेवढं चिकटून राहिलं. माझे पणजोबा, म्हणजे आजीचे वडील, या ट्रामवर कंडक्टर होते. ते काही ती शेवटची ट्राम बघायला नव्हते, ते १९४१ लाच गेले.

मूळचे सातारकडचे, लालबागला गाववाल्यांच्या खोलीत दहा-बारा जणांत राहायचे. आजी सांगायची की शेवटचा स्टॉप आला की ट्राम वळायची नाही, कंडक्टरने खाली उतरून दोरी ओढत तारेवरचा दांडा उलट्या बाजूला फिरवायचा, मग तीच ट्राम तोंड न फिरवता माघारी निघायची. पावसात ती दोरी हाताला कापायची म्हणे. आजीने हे बापाकडून ऐकलेलं नाही, ती तेव्हा दोन वर्षांची, तिला तिच्या आईने सांगितलं, म्हणजे बघा पणजोबांनी नोकरीतलं घरी काय सांगितलं तर ही दोरी.

१९३९ ला लढाई लागली आणि हे भरती झाले. का, ते कुणीच धड सांगत नाही. कर्ज होतं असं एक मामा म्हणायचे, दुसरे म्हणायचे भाऊबंदकी. देशासाठी गेले असं मी लिहिणार नाही, देश तेव्हा इंग्रजाचा होता. बेळगावला ट्रेनिंग, मग बोटीने आफ्रिका.

एरिट्रियात केरन नावाचं गाव आहे, वर डोंगरावर इटालियन बसलेले आणि खालच्या घळीतून रस्ता. फेब्रुवारी-मार्च १९४१ मध्ये तिथे जी लढाई झाली तिच्यात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन होती, फ्लॅट टॉप नावाचा डोंगर त्यांनी घेतला. २७ मार्चला केरन पडलं. पणजोबा त्याआधीच पडले होते. हिंदू म्हणून दहन झालं, तिथल्या युद्धस्मशानात अशा दहन केलेल्या सैनिकांचं वेगळं स्मारक आहे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या वेबसाइटवर त्यांची नोंद मला दहा मिनिटांत मिळाली, बापाचं नाव, बायकोचं नाव, गाव, सगळं. स्पेलिंग बोंबललंय, पण आहे.

आणि ज्या मुंबईत त्यांनी तिकिटं फाडली तिथे एक ओळ नाही! तेव्हा ट्राम खाजगी कंपनीची होती, ७ ऑगस्ट १९४७ ला ती पालिकेकडे आली, त्याआधीची नोकरभरतीची रजिस्टरं कुठे गेली म्हणून मी विचारत फिरलो तर एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, शेवटी एका साहेबांनी विचारलं, तुम्हाला वारसाहक्काने नोकरी पाहिजे का? हसावं का रडावं. माझं वय ५२ आहे हो.

पुराभिलेख तुमच्या खात्यात येतं म्हणून तुम्हाला लिहितोय. पुतळा नको, रस्त्याला नाव नको. ती रजिस्टरं जिथे कुठे असतील तिथून वाळवीच्या आधी बाहेर काढा, स्कॅन करा आणि लढाईला गेलेल्या ट्रामवाल्यांची यादी तयार करा. पणजोबा एकटे गेले नसणार. आणि टीटीला एक पाटी लावा, टी म्हणजे ट्राम, एवढंच लिहिलं तरी चालेल, यादी मिळाली की खाली जोडता येईल.

पुरावा म्हणाल तर पणजोबांचा पितळी बिल्ला आमच्याकडे आहे. पणजीने तो देव्हाऱ्यात ठेवला, ऐंशी वर्षं हळदकुंकू लागून आणि चिंचेने घासून नंबर अर्धा गेलाय, पहिले दोन आकडे वाचता येतात, पुढचा तीन आहे का आठ ते कळत नाही. रजिस्टर सापडलं तर जुळवून बघता येईल. तुमच्या माणसाला पाठवा, दाखवतो. फक्त घेऊन जायचं म्हणू नका, आई देणार नाही.

आपला,
एका ट्राम कंडक्टरचा पणतू, परळ