भाताची वाटी कुणी बघितलीच नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

परवा वाचकांच्या पत्रांत एका काकांनी लिहिलंय की तुमच्या पेपरमधली रोजची कॉमिक स्ट्रिप बंद करा, हसूच येत नाही, एकच वाक्य तीनदा छापून जागा भरलीय, त्यापेक्षा शब्दकोडं मोठं द्या. वाचून मला खरंच वाईट वाटलं, म्हणून लगेच मोबाईलवरच हे पत्र टाईप करतेय.

ते ज्या मंगळवारच्या स्ट्रिपबद्दल बोलतायत ती मी कापून ठेवलीय. तीन चौकटी आहेत, पाहुणे सोफ्यावर बसलेत आणि तिन्ही चौकटींत "चला, निघतो आता" एवढंच म्हणतायत. नुसते शब्द वाचले तर यात विनोद नाहीच. पण मागे स्वयंपाकघराचं दार अर्धं उघडं आहे, तिथे बघा. पहिल्या चौकटीत घरातली बाई चहाचं आधण ठेवतेय, दुसरीत कांदा चिरतेय म्हणजे पोहेच असणार, आणि तिसरीत कुकरच्या भांड्यात तांदळाची अजून एक वाटी टाकतेय. चेहऱ्यावर राग नाही, कपाळाला आठी नाही, तिला पहिल्या "निघतो"लाच कळलेलं आहे की हे जेवून जाणार. कुणाच्या घरी झालं नाही सांगा हे!

मलाही ते आधी दिसलं नव्हतं. मुलगी दुसरीत आहे, पेपरवर पालथी पडून बघत होती, तीच म्हणाली, "आई, त्या काकू भात लावतायत बघ." मी इतकी हसले की सासूबाई आतून बाहेर आल्या काय झालं म्हणून, आणि त्यांना दाखवायला गेले तर भिंग धरूनही त्यांना ती वाटी काही दिसेना.

माझं सगळं म्हणणं इथेच आहे. दिवाळीनंतर तुम्ही स्ट्रिप लहान केलीत. आधी पानाच्या अर्ध्या रुंदीत यायची, आता मुलीच्या पट्टीने मोजली तर एक चौकट जेमतेम तीन सेंटीमीटर भरते, आणि बाजूला क्लासची जाहिरात. चित्रकाराने वाटी काढलीय, ती वाचकापर्यंत पोचतच नाही, मग उरतं फक्त तेच तेच वाक्य आणि काकांना वाटतं जागा भरलीय. त्यांना तरी काय म्हणणार.

व्यंगचित्रकार शि. द. फडणीसांचं ते चित्र आठवा, तरुणीच्या साडीवर मांजरं आणि तरुणाच्या शर्टावर उंदीर. एक शब्द नाही त्यात. ते तीन सेंटीमीटरात छापलं असतं तर उंदीर कुणाला दिसले असते?

आणि वाचक बारकाईने बघत नाहीत असं कृपा करून समजू नका. अमेरिकेत १९८२ साली गॅरी लार्सन या व्यंगचित्रकाराने गाय आणि तिची टेबलावर मांडलेली अवजारं असं एक चित्र काढलं होतं, त्यातलं एक अवजार करवतीसारखं दिसत होतं म्हणून लोक बाकीची पण ओळखत बसले, ओळखू येईनात तेव्हा पेपरांकडे पत्रांचा आणि फोनचा ढीग लागला, शेवटी त्याला खुलासा करावा लागला. लोक एवढं बघतात हो, दिसलं तर बघतात.

रोज हसू यायलाच पाहिजे हे मात्र मला पटत नाही. १९९१ ला सकाळमध्ये चिंटू सुरू झाला तेव्हा मी शाळेत होते. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर दोघं मिळून करायचे ते. बाबा पेपर उघडला की आधी चिंटू बघायचे, मग अग्रलेख, मग पेपर माझ्याकडे. पप्पू, मिनी, बगळ्या, जोशीकाकू ही सगळी आमच्याच सोसायटीत राहतात असं वाटायचं. बाबा कितीतरी वेळा म्हणायचे, "आज नाही जमला." आणि दुसऱ्या दिवशी परत आधी तिथेच. रोजची आमटी एखाद्या दिवशी अळणी होते म्हणून कुणी आमटी करायची बंद करत नाही, आणि रोज नवीन काहीतरी सुचवून वेळेत काढून द्यायचं म्हणजे केवढं काम आहे ते.

माझी मुलगी इंग्लिश मीडियमला आहे. मराठीतलं ती स्वतःहून वाचते ते एवढंच, फुग्यातले दोन-तीन शब्द, जोडाक्षर आलं की अडते, मला विचारते, पुढे जाते. ते शब्द आता इतके बारीक झालेत की परवा "क्ष" आणि "ज्ञ" मध्ये तिची गफलत झाली, मला पण जवळ धरून बघावं लागलं.

तेव्हा स्ट्रिप बंद करू नका आणि पहिल्यासारखी अर्ध्या पानाच्या रुंदीत छापा. रोज जमत नसेल तर निदान शनिवार-रविवार तरी करून बघा. आणि जमलं तर मंगळवारची तीच स्ट्रिप एकदा मोठी करून परत छापा, त्या काकांसाठी.

आपली,
एक वाचक, सातारा