नलिनी मलानींचं काम मुंबईत कायम दिसायला हवं

प्रति,
संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत मुंबईच्या चित्रकारांवरचा लेख वाचला. गायतोंडे, हुसेन, अकबर पदमसी या सगळ्यांवर मन लावून लिहिलं आहे. पण अख्ख्या पानभर शोधूनही चित्रकार आणि व्हिडिओ कलावंत नलिनी मलानी हे नाव सापडलं नाही. मला ते फार लागलं, म्हणून लिहिते आहे.

मलानींचा जन्म १९४६ सालचा, कराचीतला. फाळणीत घर सुटलं, कुटुंब आधी कोलकात्याला आणि मग मुंबईला आलं. त्या शिकल्या मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात. पदमसींनी १९६९ मध्ये मुंबईत चित्रकारांच्या हाती कॅमेरा देणारी कार्यशाळा सुरू केली, तिथे विशीतल्या मलानींनी पहिल्या फिल्म केल्या. आपल्याकडे ‘व्हिडिओ आर्ट’ हा शब्दही रुळला नव्हता तेव्हा! पुढे लोहार चाळीतल्या स्टुडिओत काम करताना खालच्या रस्त्यावरची कष्टकरी माणसं त्यांच्या चित्रांत आली. १९९२ साली एका गॅलरीच्या भिंतींवर त्यांनी थेट चित्रं काढली आणि प्रदर्शन संपल्यावर ती पुसून टाकली. राजस्थानातल्या नाथद्वाऱ्याची जुनी भित्तिचित्रं दुर्लक्षामुळे नष्ट होत होती, त्याकडे लक्ष वेधायचा हा त्यांचा मार्ग होता. २०१७ साली पॅरिसच्या पाँपिदू केंद्राने त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचं प्रदर्शन भरवलं. २०२३ मध्ये जपानचा क्योटो पुरस्कार त्यांना मिळाला. त्याच्या आदल्या वर्षी कलेसाठीचा तोच पुरस्कार माहीमच्या झाकीर हुसेन यांना मिळाला होता. लागोपाठ दोन वर्षं हा मान आपल्या शहराकडे आला, आणि त्यातलं एक नाव आपण विसरलो.

मी कल्याणला चित्रकला शिकवत असे. पलीकडे उल्हासनगर. सिंधमधून आलेले निर्वासित ज्या जुन्या लष्करी छावण्यांत राहिले, त्यांचं १९४९ मध्ये झालेलं ते गाव. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांच्या घरी माळ्यावर एखादी पत्र्याची ट्रंक होती, आजोबांनी तिकडून आणलेली. म्हणूनच प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये १९९९ साली मलानींचं ‘रिमेम्बरिंग टोबा टेक सिंग’ पाहिलं तेव्हा मी जागची हलले नाही. पोखरणच्या अणुचाचण्यांनंतर त्यांनी ते केलं होतं. उर्दू लेखक सआदत हसन मंटो यांची फाळणीवरची कथा त्याचा आधार. मंटो स्वतः मुंबई सोडून लाहोरला गेलेले. अंधाऱ्या दालनात जमिनीवर बारा ट्रंका उघड्या ठेवलेल्या, प्रत्येकीत एक टीव्ही, त्यावर घरादाराला मुकलेली माणसं. नीट पाहायचं तर वाकावंच लागे. समोरच्या भिंतीवर अणुस्फोट. बाजूच्या दोन भिंतींवर, एकमेकींसमोर, दोन बायका. दोघी मिळून एका साडीची घडी घालू पाहतात. लांब साडीची घडी कशी घालतात ते आपल्याला माहीत आहे: काठाला काठ जुळवायचा, मग एकीने चालत दुसरीपर्यंत जायचं. इथे एक या भिंतीवर, दुसरी त्या भिंतीवर. मध्ये अख्खं दालन आणि त्यात उभे आपण.

हे रेखाचित्रात येणार नाही, फोटोत येणार नाही, छापील पुस्तकात तर नाहीच. ‘टीव्ही लावून ठेवला म्हणजे कला झाली का’ असं विचारणारे मला खूप भेटले, अगदी शिक्षकांच्या खोलीतसुद्धा. त्यांना माझं एकच सांगणं असे, आधी त्या अंधारात जाऊन उभे राहा.

त्यांच्या कामात राजकारण असतं, असा दुसरा आक्षेप. असतंच, आणि असायला हवं. गुजरातच्या २००२ च्या हिंसाचारानंतर त्यांनी ‘युनिटी इन डायव्हर्सिटी’ केलं. राजा रविवर्म्याच्या चित्रात वेगवेगळ्या प्रांतांतल्या अकरा स्त्रिया एकत्र वाद्यं घेऊन बसल्या आहेत. मलानींच्या व्हिडिओत त्यांचं वादन गोळीबाराच्या आवाजाने मोडतं. रविवर्म्याचा छापखाना मुंबईत निघाला, त्याच्या लक्ष्मी-सरस्वती आपल्या देवघरांत आल्या, तेव्हा या चित्राचं काय होतं ते पाहायचा हक्क आपल्याला नाही तर कुणाला? फाळणीत पळवल्या गेलेल्या बायकांवर त्यांनी पाच पडद्यांचं ‘मदर इंडिया’ केलं, ते २००५ मध्ये व्हेनिसच्या बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात दाखवलं गेलं. सीता आणि ग्रीक पुराणातली मेडिया यांना त्यांनी एका चित्रात आणलं. धर्म, देश, घराणं या सगळ्यांचा हिशेब बाईच्या अंगावर चुकता केला जातो, हे मलानी आयुष्यभर सांगत आल्या आहेत. निर्वासितांच्या घरांतल्या आज्या या विषयावर गप्प बसायच्या. त्या गप्प का, हे माझ्या विद्यार्थ्यांना समजावून सांगायला माझ्याकडे याहून चांगलं साधन नव्हतं, आणि ते मी त्यांना दाखवू शकत नव्हते. प्रदर्शन काही आठवडे असतं. संपलं की ट्रंका बंद.

चित्र भिंतीवर टांगलं की शंभर वर्षं टिकतं. व्हिडिओचं तसं नाही. जुने पेटीवजा टीव्ही आता तयार होत नाहीत, टेप खराब होतात, ते चालवणारी यंत्रं मिळत नाहीत. वेळच्या वेळी नव्या माध्यमात उतरवून ठेवावं लागतं, दुरुस्त करणारा माणूस लागतो, त्यासाठी दरवर्षी पैसा लागतो.

जे. जे. ला २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. त्या आवारात एक अंधारी खोली मिळावी, कायमची. मलानींच्या संमतीने त्यांची व्हिडिओ कामं तिथे आलटून पालटून चालू ठेवावीत. मुंबईत घडलेल्या इतर व्हिडिओ कलावंतांनाही तिथे जागा असावी. एलिमेंटरी-इंटरमीजिएटला बसणारी मुलं आपापल्या शिक्षकांबरोबर तिथे येऊ शकतील, रेल्वेच्या सवलतीच्या पासावर. राज्याच्या सांस्कृतिक कार्य विभागाने याचा विचार करावा. आणि आपल्या पुरवणीने मलानींवर एक पूर्ण पान द्यावं, शक्य तितक्या लवकर.

आपली,
एक निवृत्त कलाशिक्षिका, कल्याण