विषय: १९६६च्या इम्पालासाठी पाठवलेला चुकीचा पॉवर स्टेअरिंग ब्रॅकेट आणि त्यावर मिळालेला वॉशरचा सल्ला

प्रति,
व्यवस्थापक (विक्री व ग्राहक सेवा),
तुर्भे, नवी मुंबई

तुमच्या ग्राहक सेवेशी आज चौथ्यांदा बोलून झालं, म्हणून आता लेखी.

१९६६ची शेवरोले इम्पाला, २८३ घन इंचाचं व्ही-८ इंजिन, मूळचा छोटा वॉटर पंप. पॉवर स्टेअरिंगचा पंप इंजिनला धरणाऱ्या ब्रॅकेटच्या ऑर्डरमध्ये हे तिन्ही लिहिलं होतं. डाव्या हेडमागे (हेड म्हणजे सिलिंडरवरचं झाकण) गिअरबॉक्सच्या फ्लँजवरचा ब्लॉकचा, म्हणजे इंजिनच्या मुख्य धडाचा, कास्टिंग नंबर आणि उजव्या हेडपुढच्या पट्टीवरचा शिक्का, दोन्हींचे फोटो जोडले होते. आलेल्या खोक्यावर छापलंय, "स्मॉल ब्लॉक, १९६५ ते १९८५". वीस वर्षांना एकच ब्रॅकेट! १९६८ आणि १९६९मधली रेघ तुमच्या कॅटलॉगातून कुणी पुसली?

१९६९पासून या गाड्यांना लांब वॉटर पंप आला. ब्लॉकच्या तोंडापासून हबपर्यंत छोटा पंप साधारण १४३ मि.मी. भरतो, लांब १७६. त्याच वर्षापासून हेडच्या टोकांना आट्याची भोकं आली. तुमच्या ब्रॅकेटचा एक हात नेमकं तेच भोक शोधतो. आमचं हेड तिथे सपाट आहे. हात लोंबता ठेवला तरी स्टेअरिंग पंपाची पुली क्रँक पुलीच्या खाचेपेक्षा ३३ मि.मी. पुढे येते. दोन-तीन मि.मी.च्या फरकानेही पट्टा किंचाळतो आणि एका कडेने झिजतो. ३३ला तो पुलीवर राहतच नाही.

हे सगळं सांगितल्यावर तुमच्या प्रतिनिधीने चॅसी नंबर मागितला. दिला. "सर, चार अंक राहिलेत, सिस्टम सतरा मागतेय. आरसी नीट बघा." १९६६च्या इम्पालाचा नंबर तेराच अंकी असतो, सतराची पद्धत १९८१च्या मॉडेलपासून आली, हेही सांगितलं. त्यावर, "मग सर, गाडी ओरिजिनल आहे ना?" बरं, तेरा काय नि सतरा काय, सुरुवातीचा १६४ फक्त 'इम्पाला, व्ही-८' एवढंच सांगतो. इंजिन २८३ की ३९६, ते त्यातून कळत नाही, आणि या दोघांचे ब्रॅकेट वेगळे. ठरतं ते ब्लॉकच्या नंबरावरून. त्याचा फोटो तुमच्याकडे पहिल्या दिवसापासून पडून आहे.

पुढचं संभाषण तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये असेल, जरूर ऐका.
"सर, चार-पाच वॉशर टाका, लाइनमध्ये येईल."
कुठे टाकायचे?
"ब्लॉक आणि ब्रॅकेटच्या मध्ये."
मग पुली कुठे सरकेल?
"पुढे, सर."
आणि आपल्याला ती कुठे हवी आहे?
बराच वेळ शांतता. मग, "सर, वॉशर मागच्या बाजूने टाका."
मागची बाजू म्हणजे ब्लॉकच, महाराज! पुली ३३ मि.मी. मागे आणायची आहे आणि तुमची कंपनी ती वॉशर टाकून आणखी पुढे ढकलते. नंतर आलेल्या वरिष्ठांनी तर हेडला ड्रिल मारून टॅप करून घ्या म्हणून सांगितलं. साठ वर्षांचं मूळ हेड भोसकायचं, कारण तुमच्या गोदामात खोकी चुकली. आणि भोसकूनही ते ३३ मि.मी. जागचे हलणार नाहीत.

"बोल्ट लावून पाहिल्याचे रंगावर ओरखडे आहेत, परत घेता येणार नाही," असं आज कळलं. बोल्ट न लावता ब्रॅकेट बसतो का ते कसं पाहायचं, तेही कळवा.

आठ दिवसांत हा ब्रॅकेट तुमच्या खर्चाने घेऊन जा आणि ₹९,२०० परत करा. किंवा छोट्या पंपाचा ब्रॅकेट द्या, पण आधी शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेला फोटो पाठवा. नाहीतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद होईल आणि मग ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात भेटू. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही. जुन्या गाड्यांचे जाणकार म्हणून तुमचं नाव सांगितलं जायचं, म्हणून इथे ऑर्डर दिली होती. असो.

फोन करू नका. उत्तर लेखी हवं.

एक ग्राहक,
घोडबंदर रोड, ठाणे

ता.क.: सोबतचे बोल्ट एम-१० आहेत. या ब्लॉकचे आटे ३/८ इंच, इंचाला सोळा. एम-१० जाडीला अर्धा मि.मी. जास्त, आटेही वेगळे. जोर लावून पिळला तर बिडाच्या ब्लॉकचे आटे जातील. तेवढं तरी पुढच्या गिऱ्हाइकाला पाठवू नका.