कलमदान बघून ये

प्रिय सुमेधा,

लंडनला जातेच आहेस, तर एक सकाळ व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयासाठी राखून ठेव. तिथे इराणची रंगवलेली कलमदानं आहेत. तू रोज बोरू तासतेस, शाई घोटतेस; ती बघायचा हक्क माझ्यापेक्षा तुझाच जास्त.

वीतभर लांब, अरुंद, दोन्ही टोकांना गोल अशी पेटी. काचेपलीकडून लाकडी वाटते, पण बहुतेक पेट्या कागदाच्या असतात. लाकडी साच्यावर खळीने कागदाचे थर चढवायचे, वाळले की घासून गुळगुळीत करायचे, वर खडू-सरसाचा पांढरा लेप द्यायचा आणि मग जलरंगात चित्र. त्यावर रोगणाचे हातावर हात. चीन-जपानमधलं लाखकाम ज्या झाडाच्या चिकावर चालतं ते झाड इराणात नाही. तिथलं रोगण म्हणजे जवसाच्या तेलात विरघळवलेली चंद्रसाची राळ. ते काळाबरोबर पिवळं पडतं, म्हणून निळा हिरवट दिसतो आणि पांढरा पिवळट. रंगवणाऱ्याने लावलेले रंग हे नव्हेत, एवढं ध्यानात ठेवून बघ.

आत सरकता खण असतो आणि खरी गंमत तिथे आहे. एका टोकाला पितळेची किंवा चांदीची दौत. तिच्यात रेशमाचा पुंजका. काजळीची शाई तो धरून ठेवतो, त्यामुळे बोरूच्या टोकाला हवी तेवढीच लागते आणि पेटी कमरेच्या शेल्यात खोचली तरी शाई सांडत नाही. बाजूला बोरू, ते तासायचा चाकू, टोक छाटताना खाली धरायची हाडाची पट्टी, कात्री आणि दौतीत थेंब थेंब पाणी घालायचा इवलासा चमचा. लिहिण्याचा सगळा संसार. संग्रहालयं बऱ्याचदा पेटी मिटूनच मांडतात, याचं मला फार वाईट वाटतं गं. ती भिंतीवरच्या चित्रासारखी बघायची वस्तूच नाही, हातात वागवायची आहे. शाह एखाद्याला वजिरी देत तेव्हा पदाची खूण म्हणून कलमदान बहाल करत, इतका त्या हत्याराचा मान.

चित्रकारांत इस्फहानचा मुहम्मद झमान मोठा. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याने युरोपी छायाप्रकाश इराणी चित्रात आणला. एकोणिसाव्या शतकात नजफ अली आणि त्याच्या घराण्याने इस्फहानात हे काम गाजवलं. मुहम्मद इस्माईल तर इतका बारीक हाताचा, की १८६५ च्या एका पेटीवर त्याने हेरात शहराचा अख्खा वेढा बसवला. ती आता स्वित्झर्लंडमध्ये बर्नला आहे.

पण माझं मन अठराव्या शतकातल्या अली अशरफपाशी अडकलंय. काळपट पार्श्वभूमीवर गुलाब, आयरिस, हेझलनटच्या डहाळ्या, मध्ये एखादा बुलबुल. पाकळी उमलून कडेला किंचित सुकायला लागलीय, तेवढंच तो टिपतो. सहीसुद्धा वेगळी टाकत नाही. प्रेषितांचं स्मरण करणाऱ्या ओळीतच त्याचं नाव येतं. एवढी मेहनत, आणि ती दुसऱ्याच्या बोरूंसाठी! मला हे फार थोर वाटतं.

आपल्याकडे याचे धागे आहेतच. काश्मीरमधलं कागदाच्या लगद्याचं नक्षीकाम जुन्या काळी ‘कार-ए-कलमदानी’ म्हणूनच ओळखलं जाई. सावंतवाडीच्या गंजिफ्यांचं, म्हणजे रंगवलेल्या पत्त्यांचं, मूळही फारसी खेळातलं. त्या दोन्हींबद्दल भेटलो की बोलू, पत्रात मावायचं नाही.

पोलादी निब आली, मग फाउंटन पेन, आणि लिहिणाऱ्यांना कलमदान लागेनासं झालं. पुढे ती विकली गेली ती संग्राहकांसाठी.

तिथे गेलीस की वरचं चित्र बघून लगेच पुढे सरकू नकोस. वाकून तळ दिसतो का बघ. लाल किंवा काळ्यावर सोनेरी वेल असते पुष्कळदा. खण उघडा ठेवला असेल तर त्याच्या बाजूही बघ. पेटी बंद असताना त्या कुणालाच दिसत नाहीत, तरी रंगवलेल्या असतात. फोटो काढशील तर तिरकस काढ, रोगणावर उजेड कसा पडतो ते मला बघायचंय. आणि अली अशरफ सापडलाच, तर इकडे कितीही वाजले असोत, तिथूनच फोन कर.

तुझी,
वैशाली