आबा, आमचा बांध मिटला

आदरणीय आर. आर. पाटील, म्हणजे आमचे आबा,

हे पत्र तुम्ही असतानाच लिहायला हवं होतं. पण मंत्र्याला पत्र लिहायचं ते रस्त्यासाठी, पाण्यासाठी, नाहीतर बदलीसाठी, एवढंच आमच्या घरात माहीत होतं. नुसते आभार मानायलाही लिहिता येतं हे सुचलंच नाही. आता लिहितेय, आणि चार लोकांना वाचता येईल असं लिहितेय.

आमचं गाव माणदेशातलं. पाऊस झाला तर बाजरी, नाही झाला तर जनावरं छावणीला. आजोबांच्या माघारी अण्णा आणि तात्या, म्हणजे माझे वडील आणि चुलते, यांच्यात रान वाटलं गेलं. मधे बांध, बांधावर एक लिंब आणि विहीर दोघांत एक. एका पेरणीला तात्यांनी बांध कोरला असं अण्णांना वाटलं. किती? नांगराचे दोन तास, म्हणजे नांगरटीच्या दोन ओळी. तात्या म्हणायचे, बांध आधीच माझ्या अंगाला सरकवलेला होता. आधी बोलाचाली झाली, मग विहिरीच्या पाळीवरून ढकलाढकली, पोलिसात अर्ज आणि शेवटी तालुक्याला कोर्टात दावा. अकरा वर्षं चालला तो.

सकाळी तालुक्याला जाणारी एसटी एकच. तारखेला दोघांनाही तीच धरावी लागायची. अण्णा ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर, तात्या पार शेवटच्या. दोघांच्याही मांडीवर तसलीच पिशवी, आत कागद आणि फडक्यात बांधलेली भाकरी. पुकारा व्हायचा, पुढची तारीख पडायची आणि संध्याकाळी त्याच गाडीनं तसेच दोन टोकांना बसून दोघं परत. वकिलाच्या फीपायी आमच्या दावणीचा एक बैल गेला. तेवढ्या पट्टीत अकरा वर्षांत जे पिकलं असतं, त्याहून जास्त आम्ही एसटीच्या तिकिटात घातलं.

घराच्या मधोमध विटांची भिंत आली. मी आणि चुलत बहीण एकाच वर्गात, पण बोलायचं नाही. भिंतीतली एक वीट ढिली होती. पुरुषमाणसं रानात गेली की आई आणि काकी ती वीट काढून एकमेकींना विरजण द्यायच्या आणि वीट परत बसवायच्या. हे मी कुणाला सांगितलं नाही. पुढे कळलं की अण्णांनाही ते ठाऊक होतं.

२००७ साली १५ ऑगस्टला, गृहमंत्री असताना, तुम्ही महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केलीत. गावातले तंटे गावानंच सामोपचारानं मिटवायचे आणि मिटवणाऱ्या गावाला सरकारचं बक्षीस. ग्रामसभेनं समिती नेमली आणि गावातले तंटे वहीत नोंदवायला घेतले. दिवाणी, महसुली, फौजदारी असे रकानेच होते. ज्या गुन्ह्यात कायद्यानं तडजोड चालत नाही ते समितीनं हातात घ्यायचे नाहीत, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. आमचा बांध पहिल्याच पानावर होता. समितीला हुकूम सोडायचा अधिकार नव्हता. दोघांना समोरासमोर बसवायचं, एवढंच तिचं काम. पण बक्षीस गावाला मिळणार होतं, त्यामुळे आमचं भांडण एकदम सगळ्या गावाचं झालं. ज्यांनी अकरा वर्षं पारावर बसून मजा बघितली, तेच आता अण्णांना चहाला बोलवू लागले.

मारुतीच्या देवळात दोन बैठका फुकट गेल्या. तिसऱ्या वेळी समिती रानातच आली. जुना दगड सापडतो का बघितलं, सापडला नाही. शेवटी एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, लिंब तर दोघांच्या बापानं लावलाय, तोच मध्य धरा. लिंबापासून विहिरीपर्यंत दोरी ताणली. एक टोक अण्णांच्या हातात, दुसरं तात्यांच्या. चुन्याची रेघ ओढली. दोघांचंही थोडंथोडं गेलं. बरोबर कोण होतं, ते आजही ठरलेलं नाही. स्टॅम्पपेपरवर अण्णांनी सही केली, तात्यांनी अंगठा दिला. तडजोड कोर्टात दाखल करायला दोघं त्याच एसटीनं गेले. काकी सांगते, त्या दिवशी एकाच बाकावर बसले होते, पण तालुका येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

आबा, मला नेहमी वाटतं, हे दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. तासगाव तालुक्यातलं अंजनी, घरची शेती बेताची, रोजगार हमीच्या कामावर राबून आणि कमवा-शिका करून घेतलेलं शिक्षण, त्यात वकिलीची पदवी. बांध काय असतो आणि कोर्ट काय असतं, दोन्ही तुम्हाला आतून माहीत होतं. १९७९ मध्ये जिल्हा परिषदेत गेलात, १९९० मध्ये आमदार झालात, पुढे गृहमंत्री, उपमुख्यमंत्री. ग्रामविकास खात्यात असताना २००० मध्ये गाडगेबाबांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान काढलंत, तेव्हाही हीच रीत होती. सरकारनं येऊन झाडायचं नाही, गावानंच खराटा घ्यायचा. आमच्या गावाला त्यात बक्षीस मिळालं नाही, पण आईला अंधार पडायची वाट बघत थांबावं लागायचं, ते थांबलं.

सगळंच गोड लिहीत नाही. बक्षिसाच्या घाईत काही ठिकाणी तंटे नुसते वहीतच मिटले. आणि २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतरचं तुमचं ते वाक्य, मोठ्या शहरात अशा एखाद-दुसऱ्या घटना होतात अशा अर्थाचं, आमच्याही जिव्हारी लागलं होतं. तुम्ही पद सोडलंत ते योग्यच केलंत, असं अण्णा तेव्हा म्हणाले. परत गृहमंत्री झालात तेव्हा कुणी सहसा मागत नाही त्या गडचिरोलीचं पालकमंत्रिपद आपण होऊन घेतलंत, तेव्हा मात्र त्यांनी ती बातमी मला दोनदा वाचायला लावली.

१६ फेब्रुवारी २०१५ ला तुम्ही गेलात. दुसऱ्या दिवशी पहाटे तात्यांनी आमची कडी वाजवली. अण्णा आवरून बसलेलेच होते. दोघं अंजनीला आले होते, आबा. गर्दीत पुढं सरकता आलं नाही. म्हणून टोपी हातात घेऊन कुणाच्या तरी बांधावर शेजारी शेजारी उभे राहिले आणि सगळं संपल्यावर परतले.

आपली,
माणदेशातली एक लेक