दगडफेक दिसते, महापालिका दिसत नाही

संपादक महोदय,

महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादातून ६ डिसेंबर २०२२ रोजी बेळगावजवळच्या हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकवर दगडफेक झाली आणि पुण्यात कर्नाटकच्या बसगाड्यांना काळे फासले गेले. आपल्या बाजूने केले तो ‘संताप’, पलीकडच्यांनी केली ती ‘गुंडगिरी’, ही वाहिन्यांची रीत मराठीत तीच आणि कन्नडमध्येही तीच.

त्या वेळी बेळगाव महापालिकेला महापौरच नव्हता. आधीच्या सभागृहाची मुदत मार्च २०१९ मध्ये संपली, मतदान झाले सप्टेंबर २०२१ मध्ये. ५८ नगरसेवक निवडून आले, तरी महापौर निवडायला फेब्रुवारी २०२३ उजाडला! जवळपास चार वर्षे शहर अधिकाऱ्यांच्या हाती. लोकशाहीला धोका म्हणतात तो हाच ना? पण कॅमेरे टोलनाक्यावर. स्थानिक दैनिकांनी निदान बातम्या तरी दिल्या. मुंबई-बंगळूरच्या स्टुडिओंना त्यात रस नव्हता. फुटलेली काच दाखवायला सोपी, रखडलेली निवड कशी दाखवणार?

दुसरे असे, की दगडफेकीनंतर गुन्हे दाखल झाल्याचे कळते. खटल्याचे पुढे काय झाले, ते मात्र कुठेच वाचायला मिळत नाही. आपल्या दैनिकाने तेवढा पाठपुरावा करावा, ही विनंती.

– एक वाचक, शहापूर, बेळगाव